रक्त कमी आहे, एवढंच सांगून

दवाखान्यातून लेकराला घेऊन परतलेल्या आईला शेजारीण विचारते, "काय म्हणाले डॉक्टर?" आई सांगते, "रक्त कमी आहे म्हणाले." गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात, तिकडे नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात अनेक घरांमध्ये एका मोठ्या आजाराची ओळख या तीन शब्दांवर येऊन थांबते. मग बीट येतं, डाळिंब येतं, टॉनिकची बाटली येते. पोर मात्र पुन्हा पुन्हा हातपाय धरून रडत राहतं. त्याला सिकलसेल आहे, हे कागदावर लिहिलेलं असतं. कागद पत्र्याच्या पेटीत असतो.

"रक्त कमी आहे" हे वाक्य सोपं आहे आणि खोटंही नाही. तरी मला त्याची काळजी वाटते. आजार साध्या भाषेत सांगायचा म्हणजे त्यातलं अवघड तेवढं गाळून टाकायचं, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की झाली आहे. ऐकणारा शिकलेला नसेल तर आणखी गाळायचं. पण गाळलेला भागच त्या आईला उद्या सकाळी लागणार असतो.

मग तिला सांगायचं काय? निदान एवढं तरी. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल आणि मऊ असतात, केसाहून बारीक नसेतूनही दुमडून पुढे जातात आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतात. तुमच्या बाळाच्या पेशींमधलं हिमोग्लोबिन जन्मापासूनच जरा वेगळ्या घडणीचं आहे. प्राणवायू देऊन मोकळं झालं की ते पेशीच्या आत कडक होतं, आणि पेशी ताठून विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक नसांमध्ये अडकतात. पुढे रक्त जात नाही, आणि जिथे जात नाही तिथे कळ उठते. शिवाय साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. शरीर नव्या पेशी करत राहतं, तरी पुरवठा पुरा पडत नाही, म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशींमुळेच डोळे पिवळे दिसतात, तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन उपयोग नाही. लोहाच्या गोळ्याही आपल्या मनाने द्यायच्या नाहीत, तपासून डॉक्टरांनी सांगितल्या तरच.

हे ऐकून समजू शकणार नाही अशी आई मला तरी माहीत नाही. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे अगदी खरं. पण मग हे सांगणं कुणाचं तरी ठरलेलं काम असायला हवं. परिचारिकेचं, समुपदेशकाचं, आशाताईचं. आणि त्यासाठी त्यांना बसायला जागा आणि हाताशी वेळ मिळायला हवा.

कारण एकदा कळलं की पथ्य वेगळं पटवावं लागत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अधिक वाकतात, म्हणून दिवसभर पाणी. गारठ्याने नसा आवळतात, म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्याची आंघोळ नको. प्लीहा, जिला गावात पाणथरी म्हणतात, या आजारात लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतूंशी लढण्याची ताकद कमी पडते. म्हणून ताप आला तर "उद्यापर्यंत बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध नियमित घेतलं, अधूनमधून रक्त तपासत राहिलं, तर अनेकांच्या कळा कमी होतात. आजार मुळातून जाण्याचा एक मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याला जुळणारा दाता लागतो, खर्च मोठा असतो, धोकाही असतो. हेही तिच्यापासून लपवू नये. आशा आणि मर्यादा दोन्ही एकाच बैठकीत सांगाव्यात.

या आजाराचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून समजावण्याची गरज घराबाहेरही पडते. ना प्लास्टर, ना जखम. मुलगी काल मैदानात धावत होती, आज उठवत नाही. वर्गात तिला कामचुकार म्हटलं जातं, शेतावर आळशी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २०१६ साली दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. त्यात थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेलही आला. कायद्याने मान्य केलेलं हे दुखणं समोरच्या बाकावर बसलेलं असताना आपण ओळखत नाही. गुरुजींना पेशींचं सगळं शास्त्र सांगायची गरज नाही. या मुलीला वर्गात पाणी पिऊ द्या, लघवीला जाऊ द्या, भर उन्हात उभं करू नका, हातपाय दुखतात म्हणाली तर खरं माना. इतकं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो आजार येतो कुठून या प्रश्नाला. आईबाप दोघेही वाहक असतील, म्हणजे रिपोर्टवर दोघांचंही 'एएस' असेल, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारांत एक. हे वाक्य बरोबर आहे, पण ऐकणारे त्याचा अर्थ असा घेतात की एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली होणार. या गैरसमजावर घरं पुढचे निर्णय घेतात. इथे आकडा बाजूला ठेवून चिंचोके हातात घ्यावेत. आईच्या मुठीत दोन, वडिलांच्या मुठीत दोन. दोघांकडेही एक जसाच्या तसा तपकिरी, एक घासून पांढरा केलेला. प्रत्येकाने न बघता एक बाळाला द्यायचा. दोन्ही पांढरे आले तर बाळ 'एसएस', म्हणजे आजारी. एक पांढरा, एक तपकिरी आला तर आईबापांसारखंच वाहक, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही तपकिरी आले तर काहीच नाही. मग चिंचोके परत मुठीत घ्यायचे. दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा त्याच दोन-दोनांतून. आधीच्या बाळाला काय मिळालं याची मुठीला आठवण नसते.

यात आणखी एक गोष्ट न बोलता दिसते. दोन्ही पांढरे चिंचोके एकाच मुठीतून येऊ शकत नाहीत. शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिलं की हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. त्याच सुमारास हा आजार आईबाप दोघांकडून कसा येतो हेही शास्त्राला उलगडलं होतं. त्याला आता ७५ वर्षं उलटून गेली. तरी आजारी मूल झालं की "तुझ्या माहेरचं आलं" हे सुनेलाच ऐकावं लागतं. सासूला आणि नवऱ्याला त्या चिंचोक्यांसमोर बसवलं पाहिजे, एकट्या सुनेला बसवून चालणार नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. या मोहिमेचं मनापासून स्वागत आहे. पण तपासणी झाली, कार्ड हातात पडलं आणि त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, तर वाहक मुलीचं लग्न ठरताना ते कार्ड घरचे लपवून ठेवतील. वाहक म्हणजे आजारी, असंच ते समजतील. आणि अर्थ सांगायचा तो माडियात, गोंडीत, पावरीत सांगावा लागेल. आपली मराठी तिथे अनेक आयांना परकी आहे.

एका माणसाला मात्र बहुतेक वेळा कुणीच काही सांगत नाही. खाटेवर पडलेल्या आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलीला. मोठी माणसं तिच्या डोक्यावरून बोलत राहतात आणि ती सगळं ऐकत असते. तिला सांगायला हवं की तुझ्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, आणि तुझ्याबरोबर जेवल्याने किंवा खेळल्याने हे कुणाला होत नाही. कळ सुरू झाली की लगेच सांग, दात-ओठ खाऊन सोसत बसू नकोस. मोठी झाल्यावर औषधं तुला स्वतःला सांभाळायची आहेत, म्हणून त्यांची नावं आत्ताच शिक. आणि तिने "मी मरणार का?" असं विचारलं, तर विषय बदलू नये. हा आजार धोक्याचा आहे, पण वेळेवर औषध आणि तपासणी होत राहिली तर अनेक मुलं मोठी होतात, शिकतात, संसार करतात, हे तिला तिच्याशेजारी बसून सांगावं.