रेषा हलली असती तर?



सोलापूरहून अक्कलकोटला जाताना आपण दुसऱ्या राज्यात चाललो आहोत, असे कुणालाच वाटत नाही. पण १९६७ सालचा एक अहवाल स्वीकारला गेला असता, तर अक्कलकोट आज कर्नाटकात असते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तिथल्या मराठी जनतेने हे कधीच मान्य केले नाही. १९६६ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. पुढच्या वर्षी आयोगाने सांगितले की, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला मिळावीत आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत आदी भागांतील २४७ गावे म्हैसूरला जावीत. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. रेषा मात्र होती तिथेच राहिली.

आता समजा, दोन्ही राज्यांनी तो अहवाल मुकाट्याने मान्य केला असता. ना मोर्चा, ना लाठी, ना गोळीबार. खानापुरात पेढे वाटले गेले असते. अक्कलकोटच्या शेतकऱ्याला मात्र जमिनीचा उतारा कन्नडमधून मिळाला असता. तिथल्या मराठी कुटुंबाने विचारले असते, "आम्हाला कुणी विचारले?" बेळगावचा मराठी माणूस १९५६ पासून हेच विचारत आला आहे. म्हणजे शांततेत झालेला प्रत्येक बदल न्याय्य असतोच असे नाही. रक्त सांडले नाही, एवढ्यावरून अन्याय झाला नाही, असे म्हणता येत नाही.

मग न्याय्य वाटणी होऊच शकत नाही का? १ एप्रिल १९६० रोजी आंध्र प्रदेश आणि मद्रास या राज्यांनी आपसांतली सीमा बदलली. तिरुत्तणी मद्रासकडे आले. त्यामागचा निवाडा हरि विनायक पाटसकर या मराठी माणसाचा होता. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही त्याची तत्त्वे. याच तत्त्वांवर महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली. आणि एक गोष्ट आपण सहसा विसरतो. त्याच वेळी आपल्याकडची कन्नडबहुल २६० गावे द्यायचीही तयारी दाखवली होती. मागणाऱ्याने स्वतःलाही तेच माप लावले होते.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत, अक्कलकोट, सोलापूरवर हक्क सांगितला, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. तो स्वाभाविक होता. पण बेळगावला जे माप लावतो, ते अक्कलकोटला लावायची आपली तयारी आहे का? घरात कन्नड बोलणारे एखादे कुटुंब म्हणेल, "आमचा बाजार, आमचे नातेगोते, आमचे सारे सोलापुरात आहे, आम्हाला इथेच राहायचे आहे." मग त्यांची इच्छा भाषेपेक्षा मोठी मानावी लागेल. पण त्यासाठी आधी त्यांना विचारावे लागेल. न विचारता "ते आपलेच आहेत" म्हणणे सोपे असते.

अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून भांडणे झाली, तेव्हा थोरल्या अब्राहामाने आधी निवडण्याचा मान धाकट्याला दिला. ज्याच्या हाती सत्ता, त्याने आधी सैल व्हावे, हा त्यातला धडा. त्यांना फक्त जमीन वाटायची होती. इथे जमिनीवर माणसे राहतात, म्हणून जबाबदारी अधिक आहे.

रेषा कुठेही ओढली, तरी काही माणसे पलीकडे राहणारच. बेळगावात १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसे गोळीबारात मेली, याचे दुःख आपल्याला आहे. मग आपल्या जिल्ह्यातल्या कन्नड शाळेला शिक्षक आहेत का, कचेरीत मराठी नीट न येणाऱ्या म्हातारीचे काम होते का, हेही आपण पाहायला हवे. ज्यांची यात्रा आपण दर जानेवारीत भरवतो, त्या सिद्धरामेश्वरांनी आपली वचने कन्नडमध्येच रचली.

या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या एखाद्या कन्नड घरी जाऊन बसा आणि एवढेच विचारा, "इथे तुम्हाला परके वाटते का हो?" उत्तर मिळेल ते शांतपणे ऐकून घ्या.