इंजिन निवेपर्यंत

पहाटे साडेपाचला उठा. वैशाखात जळगावात लोखंडाला सुखाने हात लावता येतो तो एवढाच वेळ. अंगणात निंबाखाली गाडी रात्रभर उभी आहे, टपावर वाळलेली पानं पडली आहेत. किल्ली काढून खिशात ठेवा. बॉनेट उघडा, दांडी अडकवा. पाना अजून फडक्यातच राहू द्या. आधी तळवा टॅपेट कव्हरवर टेकवा आणि तिथेच ठेवा.

काय लागतं हाताला? धातूचा गारवा, थोडी धूळ, तेलाचा चिकटपणा. खाली कुठे ऊब उरली आहे का? उरली असेल तर घरात जाऊन चहा घेऊन या. आपल्याला आज एवढंच करायचं आहे: जुन्या मारुती ८०० चे तीन प्लग काढायचे, बघायचे आणि तीन नवे बसवायचे. तिला सिलिंडर तीन, म्हणून प्लग तीन. तुमची गाडी चार सिलिंडरची असेल तर चार. सराईत मिस्तरी हे वीस मिनिटांत उरकतो. आपण तासभर घेऊ.

निवण्याची वाट का बघायची, ते मी फार उशिरा शिकलो. पूर्वी एकदा तापल्या इंजिनाचा प्लग मी स्वतःच्या हाताने, जोर लावून काढला होता. प्लगबरोबर हेडमधले आटेही निघून आले. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादाचं. तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि मुळात ते मऊ. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगसाठी अख्खं हेड उतरवावं लागलं, आत बुश बसवून नवे आटे पाडावे लागले. त्यानंतर काही वर्षांनी, मे महिन्यात, धुळ्याहून जळगावला येताना गाडी मुकटीच्या पुढे मिसिंग मारू लागली. कशीबशी पारोळ्यापर्यंत आणली. लग्नाची घाई होती. रस्त्याकडेच्या मिस्तरीने बॉनेट उघडलं, वरून हात फिरवला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. मी पाणी ओतायला निघालो, तर त्याने हात धरला. म्हणाला, "घाई नको करू भाऊ. तिले थंडी होऊ दे."

आम्ही पाऊण तास बसलो. लग्न चुकलं. पण त्या पाऊण तासात मी पहिल्यांदा निवणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकला. टिक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक्. धातू आपल्या मूळ मापाला परत येत असतो, त्याचा तो आवाज. लांबच्या प्रवासाहून घरी आलात की किल्ली काढल्यावर लगेच उतरू नका. काच खाली करा आणि तो आवाज ऐका. दोन टिकटिकींमधलं अंतर हळूहळू वाढत जातं, त्याच्यामागे मन जाऊ द्या.

आता इंजिन गार आहे. तरी थोडं बसू.

मागच्या खेपेला धुळ्याला गेलात ती वाट डोळ्यांसमोर आणा. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पलीकडे विद्यापीठ, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी आणि धुळे. साधारण दोन तास. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत होतं असं धरा. दर दोन फेऱ्यांना एका सिलिंडरात एक ठिणगी पडते. म्हणजे मिनिटाला १,५००, सेकंदाला २५. तुम्ही शेजारच्या माणसाशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतात, कपाशीची रानं मागे पळत होती, आणि धुळे येईपर्यंत एकेका प्लगने १,८०,००० ठिणग्या टाकल्या. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वीस-पंचवीस हजारांवर चढत होते आणि दोन टोकांमधल्या मिलिमीटरभर फटीतून उडी घेत होते. एकही उडी तुम्हाला दिसली नाही. दिसायचं कारणही नव्हतं.

दर उडी टोकाचा अगदी सूक्ष्म कण घेऊन जाते. नव्या प्लगच्या टोकाला धारदार कड असते. विजेला धार आवडते, कडेवरून ती सहज सुटते. कड झिजून गोल झाली, फट रुंदावली, की तीच ठिणगी पाडायला कॉइलला अधिक जोर लावावा लागतो. आणि हे एका दिवसात होत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. सकाळी एकाऐवजी दोनदा सेल्फ मारावा लागतो. आपण म्हणतो, थंडी आहे. गाडी उभी असताना किंचित थडथडते. आपण म्हणतो, जुनी झाली. ट्रक ओलांडताना पिकअप येत नाही, तर पाय नकळत थोडा जास्त दाबतो. माणूस झिजेशी किती लवकर जुळवून घेतो! इथे क्षणभर थांबा आणि पायाकडे लक्ष न्या. गेल्या वर्षभरात तो किती खाली गेला?

म्हणून प्लग कधी बदलायचे हे गाडीच्या तक्रारीवर सोडू नये, मोजावं. निकेलचे साधे प्लग ३०,००० ते ४०,००० किलोमीटर चालतात. प्लॅटिनम आणि इरिडियमच्या टोकाचे ८०,००० पासून लाखापर्यंत जातात. सीएनजीवर गाडी असेल तर त्या वायूत ठिणगी पडायला अधिक विद्युतदाब लागतो, प्लग लवकर झिजतो. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. चाळीस हजार किलोमीटर म्हणजे धुळे-जळगावच्या सव्वाचारशे खेपा, म्हणजे एका प्लगमागे सात कोटींहून जास्त ठिणग्या. इतकं काम करून गप्प राहिलेली वस्तू बिघडण्याआधीच उतरवून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

आता पाना उलगडा.

पहिल्या प्लगभोवतीच्या खळग्यात आपल्या काळ्या जमिनीची धूळ बसलेली असेल. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरात पडेल, म्हणून आधी सायकलच्या पंपाने फुंकून काढा. मग वायरची टोपी धरा. वायर ओढायची नाही, टोपीच धरायची, किंचित पिळून वर घ्यायची. एका वेळी एकच. तिन्ही वायरी एकदम काढल्या तर कोणती कुठली हे विसरतं, आणि चुकीच्या सिलिंडरात चुकीच्या वेळी ठिणगी पडते. प्लगपाना सरळ उभा बसवा. तिरका झाला तर आतली पांढरी चिनीमाती तडकते. डावीकडे वळवा. पहिला झटका, मग सैल. कुरकुरला तर ओढू नका. तेलाचे दोन थेंब सोडा आणि थांबा.

निघाला? हातात घ्या. उजेडाकडे धरा.

रंग बघा. टोक कळण्याच्या भाकरीसारखं राखाडी-तपकिरी असेल तर आत सगळं नीट चाललं होतं. तव्याच्या बुडासारखी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर धुळीने गच्च झालाय, किंवा गाडी नुसती गल्लीतल्या गल्लीत फिरते आहे. प्लगचं टोक पाचशे अंशांच्या आसपास तापलं की स्वतःवरची काजळी स्वतःच जाळून टाकतं. बाजारापर्यंत जाऊन आलेल्या गाडीत ते तितकं तापतच नाही. टोक पांढरंफटक, फोड आलेलं दिसलं तर उलटा रोग: ते फार तापलंय, साडेआठशेच्या पुढे गेलं तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटतं. जळगावचे मेमधले पंचेचाळीस अंश या हिशेबात कुठेच नाहीत. आपल्याला जीव नकोसा करणारा उन्हाळा त्या टोकाला जाणवतही नसेल.

माझ्या गाडीचे पहिले दोन प्लग तपकिरी निघाले. तिसरा काळा आणि ओला. बोट लावलं तर तेल. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिलं तेल सोडत होती. नवा प्लग हा आजार बरा करत नाही, काही महिन्यांत तोही भिजतो. जुना प्लग बदलण्यापेक्षा तो वाचणं जास्त मोलाचं, ते यासाठी. बंद सिलिंडरात डोकावता येत नाही. तिथून येणारी ही एवढीच चिठ्ठी असते, आणि बहुतेक गॅरेजांत ती न वाचताच भंगाराच्या डब्यात जाते. तुम्ही गॅरेजात गेलात तरी जुने प्लग मागून घ्या, क्रमाने.

आता तो प्लग तळहातावर ठेवा आणि त्याची फट बघत बसा. काहीच नाही तिथे. ०.७ ते १.१ मिलिमीटरची मोकळी जागा.

ही फट बघताना मला विनोबा आठवतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. चौथ्या अध्यायात विनोबा बाहेरचं कर्म आणि त्याला लागणारी मनाची आतली जोड, ज्याला ते विकर्म म्हणतात, यांची गाठ समजावून सांगतात. तिथे बंदुकीच्या दारूचा दाखला येतो: बत्ती लागत नाही तोवर ती खिशात घालून फिरता येते. मला तो दाखला प्लग हातात घेतल्यावर समजला. पिस्टन खाली येतो, हवा-पेट्रोल आत ओढतो. वर जातो, दाबतो. सगळं यथासांग झालेलं असतं, आणि ऐन वेळी फटीत ठिणगी पडत नाही. मग तोच पिस्टन ते न जळलेलं मिश्रण तसंच सायलेन्सरमधून बाहेर ढकलतो. मिस्तरी ज्याला मिसिंग म्हणतो ते हेच. कष्ट पुरे झाले, इंधन पुरं गेलं, आणि उजेड पडला नाही.

इथे डोळे मिटा. कालचा दिवस आठवा. कुठलं काम असं झालं? हात चालले, वेळ गेला, आणि आत काही पेटलं नाही? उत्तर लगेच शोधू नका. नुसतं बघा, प्लगचा रंग बघितला तसं.

रावेर-सावद्याहून केळी भरून जाणारा ट्रक मागच्या रस्त्यावरून गेला तर त्याचाही आवाज ऐका. त्याच्या डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नाही. तिथे हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि आत शिंपडलेलं डिझेल आपोआप पेटतं. काही माणसंही अशी असतात, दाबाने पेटणारी. माझी आई तशी होती. मला मात्र ठिणगी लागते.

नवा प्लग डब्यातून काढा. खोक्यावरचा नंबर पुस्तिकेशी ताडून बघा. मिस्तरी मंडळींत जुने लोक अजूनही कुठल्याही प्लगला मायको म्हणतात. बंगळुरूची ती कंपनी १९५१ची, आणि आपल्या कित्येक पिढ्यांच्या गाड्या तिच्या प्लगवर चालल्या. हातातून फरशीवर पडला तर तो प्लग वापरू नका, चिनीमातीतली तड दिसत नाही. फट फिलर गेजने मोजा. कमी-जास्त असेल तर बाहेरचं टोक हलक्या हाताने वाकवा. इरिडियमच्या बारीक टोकाला मात्र गेज खुपसू नका. आट्यांना तेल-ग्रीसही लावू नका, त्याने पाना फसवतो आणि आपण प्रमाणाबाहेर आवळतो.

आणि आता सगळ्यात सावकाश करायची गोष्ट. प्लग पान्याने सुरू करायचा नाही. बोटांनी. खोलगट जागा असेल तर प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवा आणि तो चिमटीत फिरवा. आधी उलटा, डावीकडे, एक फेरा. आटा आट्यात बसला की बारीक टक् जाणवते. मग उजवीकडे. एक फेरा. दोन. श्वास सोडा. तीन. वाकडा गेला असेल तर बोटांना लगेच कळतं, ती अडतात. पान्याला कळत नाही, तो जोर करून पुढे जातो. बसवताना हेडमधले आटे जातात ते या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या जोरामुळे. अडलं तर परत काढा, पुन्हा सुरू करा. यात कमीपणा नाही.

बोटांनी फिरायचा थांबला की मग पाना लावा: नव्या प्लगला अर्धा फेरा, फार तर दोन तृतीयांश. खालचा वॉशर दबताना हाताला कळतो. तिथे थांबायचं. वॉशर नसलेला, निमुळत्या बसणीचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग पुरे, पाना जेमतेम हलतो. टोपी खाली दाबा, बसल्याचा आवाज येईपर्यंत. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी धूळ, टोपी, पाना, रंग, फट, बोटं, त्याच क्रमाने.

झालं. हत्यारं मोजा, एखादं फडकं इंजिनात राहिलं नाही ना बघा. किल्ली फिरवण्याआधी जरा उभे राहा.

पहिल्या सेल्फला चालू झाली. गाडी एक सूर धरते, थडथड नाही. तीन सिलिंडरांची मूळची किंचित डुगडुग तेवढी उरते. बॉनेटवर हात ठेवा. ऊब चढायला लागली आहे.

जुने तीन प्लग मी वर्तमानपत्राच्या कागदात वेगवेगळे गुंडाळतो, वर सिलिंडरचा आकडा, तारीख आणि किलोमीटर लिहितो. तिसऱ्याच्या कागदावर तेलाचा डाग उमटला आहे. या महिन्यात रिंगांचं बघून घ्यायचं. ऊन भिंतीवरून खाली अंगणात आलं, निंबाची सावली गाडीवरून सरकू लागली आहे. हात रॉकेलने पुसा, मग साबणाने धुवा.