ळ कुठे ठेवायचा?

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके. त्यांपैकी यवतमाळ, कळंब, केळापूर, बाभूळगाव आणि राळेगाव या 5 नावांत ळ येतो. हा ळ बसतो कुठे? मराठी शाळेत शिकलेला कोणीही सांगेल, ह झाल्यावर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल ला खेटून, व च्या आधी आहे. दोन्ही क्रम आपापल्या जागी ठीक आहेत. घोटाळा होतो तो यादी एका क्रमाने लावून शोध दुसऱ्या क्रमाने घेतला तर. डेटाबेसमध्ये असे घडू शकते, आणि तेही एकाही नोंदीला हात न लावता.

समजा, खातेदारांच्या नावांचा इंडेक्स तक्त्याच्या क्रमाने लावला आहे: कदम, काळे, कावळे, काशीकर, कासार. मग नेहमीच्या देखभालीत सर्व्हरची मूळ प्रणाली अद्ययावत झाली आणि क्रमाचा नियम मराठी वर्णमालेप्रमाणे झाला. आता काळे शोधायचे. यंत्र सगळी यादी वाचत बसत नाही. ते मध्येच उघडते. तिथे कावळे दिसतात. नव्या नियमाने काळे त्यांच्या पुढे हवेत, म्हणून शोध पुढच्या अर्ध्या भागात जातो आणि रिकाम्या हाताने परततो. काळे मात्र एक घर मागे शाबूत आहेत. उदाहरण सोपे करून घेतले आहे, पण दोष खरा आहे. ऑगस्ट 2018 मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या सॉफ्टवेअर लायब्ररीची 2.28 ही आवृत्ती आली आणि तिने अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस हा डेटाबेस बहुतेक ठिकाणी क्रमासाठी याच लायब्ररीवर विसंबतो. त्यामुळे प्रणाली बदलली पण मजकुरावरचे जुने इंडेक्स तसेच राहिले, तिथे प्रश्नांची उत्तरे चुकण्याची वाट मोकळी झाली. त्रुटीचा संदेश नाही, लाल अक्षरे नाहीत. उत्तरात फक्त काही ओळी कमी.

म्हणूनच ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून फार कच्चे आहे. ते नोंदीबद्दल काही सांगत नाही, शोधाच्या वाटेबद्दल सांगते. यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ऑपरेटरने नाव चुकीचे टाकले असेल. असेलही, पण हे तपासता येते. इंडेक्स बाजूला ठेवून सगळ्या नोंदी एकेक करून वाचायला लावाव्यात. नाव मुळातच चुकीचे असेल, तर ते तिथेही मिळणार नाही. तिथे मिळाले आणि इंडेक्समधून मिळाले नाही, तर ऑपरेटर सुटला. अंकांवरच्या इंडेक्सला या बदलाची झळ लागत नाही, त्यामुळे खाते क्रमांकाने सापडणारा माणूस नावाने सापडत नसेल, तर संशय कुठे घ्यायचा ते उघड आहे. याउलट, घाईघाईने नाव पुन्हा भरणे हा सर्वांत महाग उपाय. दुबार नोंद रोखणारी तपासणी त्याच बिघडलेल्या इंडेक्सला विचारते, तो ‘नाही’ म्हणतो आणि दुसरे काळे आत येतात. पुढे इंडेक्स नव्याने बांधायला घेतला की दोन सारख्या नोंदी पाहून काम अडते. नाव पुन्हा भरेपर्यंत विदा निर्दोष होती. आता तीही बिघडली.

मग देखभालच कशाला, चालते आहे ते चालू द्या, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की सुरक्षेची भोके उघडी ठेवून चालवणे हे चालणे नव्हे. इंडेक्स नव्याने बांधणे हाच उपाय, पण त्यावरचा वेळेचा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोठे इंडेक्स पुन्हा बांधायला तास लागतात, जागाही लागते. पण पोस्टग्रेसच्या 2019 मधल्या 12व्या आवृत्तीपासून हे काम नोंदी भरणे न थांबवता करता येते, आणि या दोषात करायचे आहेत ते फक्त मजकुरावरचे.

राहतो प्रश्न तपासणीचा. 2017 मध्ये राज्यात संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले. तिथला दोष वेगळा होता, हस्तलिखितातून संगणकात जाताना झालेल्या चुकांचा. पण पद्धत नेमकी होती: ज्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासमोर उतारा वाचायचा. सर्व्हरच्या देखभालीतही हेच करता येते. आदल्या दिवशी काही प्रश्न त्यांच्या उत्तरांसह लिहून ठेवायचे, तालुकानिहाय संख्या, ळ, क्ष, ज्ञ असलेली नावे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारायचे. ‘सेवा पूर्ववत सुरू’ ही सूचना लागण्याआधी त्या यादीतले एक काळे, एक कावळे आणि एक राळेगाव सापडलेले असले पाहिजे.