सातबाऱ्याबाहेरची बाई

कळंबोलीत आज लोखंडाचा बाजार आहे. या गावात पूर्वी भात पिके. १९७० नंतर सिडकोसाठी या पट्ट्यातील जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसे गेली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के भूखंड मिळू लागले. तेही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना! दुसऱ्याच्या शेतात जन्मभर लावणी करणारी बाई कोणत्या उताऱ्यावर सापडणार? कायद्याला लबाड म्हणवत नाही मला; त्याची नजरच कागदापुरती. २०१३ च्या कायद्याने शेतमजुरालाही बाधित मानले. (तोवर इथला भात संपला होता.) पण तीन वर्षे राबल्याचा पुरावा तिने आणावा कोठून? तिच्याबरोबर कचेरीची पायरी चढून ‘हिला मी ओळखतो’ म्हणणारा कोणी लागतो. त्याची तरतूद कोणत्या कलमात करावी, मला तरी सुचत नाही.