जुंपणीचा धर्म

पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कृषिकर्माचे विवेचन करताना स्मृतिकाराने नांगराला किती बैल जुंपावेत याची प्रतवारी लावून दिली आहे. आठ बैलांचा नांगर धर्म्य, सहांचा मध्यम, चारांचा निर्दयांचा आणि दोहोंचा तर वृषघातक्यांचा, असा त्याचा निवाडा आहे. भुकेला, तहानलेला वा थकलेला बैल जुंपू नये, अशी ताकीदही तेथेच आहे. ज्या खातेदाराच्या गोठ्यात आज एकही बैल उरलेला नाही, ज्याने जमीन तारण ठेवून १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला आहे आणि त्याच्यामागे कोणता नांगर लावावा या विचारात जो पडला आहे, त्याला हा निवाडा लागू पडतो काय? यंत्राला भूक नाही, तहान नाही, त्याचा खांदा सोलवटत नाही. तेव्हा ज्या करुणेपोटी हा नियम झाला तिचा विषयच नाहीसा झाला आणि नांगराची निवड ही निव्वळ व्यवहाराची बाब उरली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला हे मत मान्य नाही.

प्रथम त्या नियमाच्या पोटात शिरून पाहू. काळी भारी जमीन वाफशावर असतानाही नांगराला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ०.६ किलोचा विरोध करते. म्हणजे २५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल असे एक तास काढावयाचे तर ३०० किलोंची ओढ लागते. चांगली पोसलेली बैलजोडी तासन् तास टिकेल अशी जी ओढ देते ती सुमारे ८० किलोंची, स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी. हिशेब मांडला की जोड्या चार येतात आणि बैल आठ. दख्खनच्या काळ्या रानात बाभळीच्या जड नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपण्याची जी वहिवाट होती, ती हौसेखातर पडलेली नव्हती. स्मृतिकाराच्या डोळ्यांपुढे ही भूमी असेलच असे नाही. तथापि बैलावरची दया आणि जमिनीचे गणित ही येथे एकाच आकड्याशी येऊन भेटतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता ट्रॅक्टरकडे वळू. त्याच जमिनीत, त्याच मापाचे दोन फाळ असलेला नांगर लावला तर ओढ ६०० किलोंवर जाते. सेकंदाला एक मीटर या संथ चालीने ती ओढायला अवघी आठ अश्वशक्ती लागते, आणि मालकाच्या कागदावर १५ लिहिलेली असते. म्हणून तो निश्चिंत होतो. परंतु इंजिनाची शक्ती वेगळी आणि चाकाची पकड वेगळी. जमीन चाकाला जेवढी धरून ठेवील तेवढीच ओढ मिळणार, आणि शेतातल्या मातीवर ती यंत्राच्या वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन असते ८०० किलोंच्या आसपास. त्याची ओढ झाली ३२० ते ३६० किलो. याचा अर्थ असा की हे लहानसे यंत्र पराशराच्या धर्म्य औताच्या, म्हणजे आठ बैलांच्या, तोलाचे आहे आणि त्याला पेलणारा नांगर एका फाळाचा आहे. दुसरा फाळ जोडणे म्हणजे सोळा बैलांचे काम आठांकडून घेणे होय.

तसे ते घेतले म्हणजे काय होते? बैल असता तर तासातच बसला असता. तोंडाला फेस येणे, मान टाकणे, पाय अडखळणे, या खुणांनी त्याने धन्याला थांबवले असते. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला लोणी-हळद चोळताना त्या खांद्यावरचा वण धन्याच्या बोटांना लागला असता. यंत्र असे काही सांगत नाही. मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात, टायरच्या खाचा काळ्या चिखलाने भरून सपाट होतात, पुढचा भाग हलका होऊन सुकाणू ऐकेनासे होते, डिझेल जळत राहते. आणि घसरणारे चाक तासाचा तळ असा लिंपून काढते की तो घोटलेल्या पाटीसारखा चकाकू लागतो. त्या लिंपणातून पाणी खाली मुरत नाही आणि मूळही उतरत नाही. वर ढेकळे छान उलटलेली दिसतात, नांगरट झाल्याचे समाधान वाटते, आणि पिकाला त्याची झळ पुढच्या पावसाळ्यात लागते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कृषीला सज्जनांनी निंद्य का मानले याचे कारण दिले आहे, ते असे की लोखंडी तोंडाचे काष्ठ भूमीला आणि भूमीतल्या जीवांना इजा करते. एवढ्यावरून शेती सोडावी असे मी म्हणणार नाही. ज्या कर्मावर सर्वांचे अन्न अवलंबून आहे ते त्याज्य ठरविणारा विचार मला अपुरा वाटतो. परंतु इजा भूमीलाही होते, ही त्यातली दृष्टी खरी आहे. जनावर मध्ये होते तोवर त्याची दमछाक भूमीचेही रक्षण करीत होती. ते मधून निघून गेल्यावर तो पहारा माणसाच्या ज्ञानाकडे आला. ज्याच्या अखत्यारात आठ बैलांचे बळ एका कळीसरशी आले, त्याचे उत्तरदायित्व आठ बैल हाकणाऱ्यापेक्षा कमी कसे असेल?

आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने १९२६ मध्ये ट्रॅक्टर आणि नांगर यांच्यामधल्या ज्या जोडणीचे पेटंट घेतले आणि जी १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर सर्वत्र पसरली, तिच्यात हे भान यंत्रालाच देण्याचा फार मोठा प्रयत्न होता. जमिनीचा विरोध वाढला की नांगर आपोआप किंचित उचलला जातो. मी त्या माणसाला मनापासून मानतो. तरीही नांगर वर-खाली करणारा दांडा खाली रेटून धरणारा हात माणसाचाच असतो.

कोणते कर्म कोणी अंगावर घ्यावे, या प्रश्नाचा विचार मीमांसकांनी अधिकार या सदराखाली केला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. फळाची इच्छा झाली म्हणून कर्माचा अधिकार येत नाही, ते पार पाडण्याचे सामर्थ्यही अंगी असावे लागते. त्यापुढचा त्यांचा विवेक मला येथे विशेष उपयोगी वाटतो: काम्य कर्म सर्व अंगांसह झाले पाहिजे, नित्य कर्मात मात्र अंगे यथाशक्ती केली तरी चालतात. शेतकऱ्याची नांगरट हे नित्य कर्म आहे. २० सेंटिमीटर खोली झेपत नसेल तर १२ सेंटिमीटर करावी. त्यात कर्माचा लोप होत नाही. शेजाऱ्याच्या ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागचा पलटी नांगर पाहून आपलेही रान तसेच खोल उलथावे ही कामना आहे, आणि कामनेला सामर्थ्याची पुरी किंमत मोजावी लागते.

म्हणून भारी जमिनीच्या आणि लहान ट्रॅक्टरच्या धन्यांना माझी विनंती आहे की, दुकानदार कितीही आग्रह करो, एका फाळाचाच नांगर घ्यावा. हलक्या मुरमाड माळावर १५ सेंटिमीटर खोलीपुरते दोन लहान फाळ चालतील. वाफसा नसताना रानात उतरू नये. टायरवर खडूने खूण करून रिकाम्या चालीत दहा फेऱ्यांत किती अंतर पडते ते मोजावे आणि नांगर लावून पुन्हा मोजावे. अंतर १५ टक्क्यांहून अधिक घटले तर खोली कमी करावी. पहिले तास निघाले की खाली उतरून चाकामागचा तळ हाताने चाचपावा, आणि तो चकाकत असेल तर त्या दिवशी नांगर सोडून ठेवावा.