उणे ३५९ दिवस

उभे राहू नका, बसा. आणि ग्रंथालय, मेस, वसतिगृह, तिघांचेही लॅपटॉप इकडे वळवा.

२८ डिसेंबरला नेलेलं पुस्तक ३ जानेवारीला परत आलं. किती दिवस झाले? सहा. मेसच्या प्रोग्रामला त्याच तारखा द्या, तो म्हणतो उणे ३५९! वर्षातल्या तिसऱ्या दिवसातून तीनशे बासष्टावा वजा केलाय; मधे वर्ष बदललं याचा पत्ताच नाही.

चूक झाली म्हणून मी रागावत नाही. ग्रंथालयवाल्या, ही चूक तुला दिवाळीआधीच सापडली होती, तू ती तुझ्या ‘तारीख.सी’ या फाईलीत नीटही केलीस. मग तीच फाईल त्याआधी ज्याला पेनड्राइव्हवर दिली होतीस, तो तुझ्या शेजारी बसतो ना? त्याला सांगायला काय झालं होतं? आणि मेसवाल्या, तू रे, ‘चालत होतं सर’ म्हणून डोळे झाकून घेतलीस. फाईलबरोबर चूकही घरात आली. दुरुस्ती मात्र आपल्या पायांनी चालत येत नसते.

झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी माहीत आहे? मार्च २००२ मध्ये तिच्यातला एक दोष जाहीर झाला: एकदा मोकळी केलेली मेमरी ती पुन्हा मोकळी करायची. १.१.४ आवृत्तीत दुरुस्ती आलीसुद्धा. पण कितीतरी प्रोग्रामांनी तिचा सोर्स आपल्या पोटात घेऊन ठेवला होता, लिनक्सच्या कर्नलनेही. जिथे सामायिक लायब्ररी होती, तिथे ती एक बदलून भागलं. जिथे प्रती होत्या, तिथे आधी त्या शोधा, मग बदला, मग सगळं पुन्हा कंपाइल करा. जगभरच्या जाणत्या लोकांची ही धावपळ झाली, आणि तुम्हाला दोन फोल्डर सांभाळता येत नाहीत!

वसतिगृहवाल्या, तू मान हलवू नकोस. तू प्रत केली नाहीस, थेट मित्राच्या फोल्डरचा पत्ता इन्क्लूडमध्ये घातलास. त्याने फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवलं की तुझं बिल्ड कोसळणार, आणि त्याला ते कळणारही नाही.

‘तारीख.सी’ची गिटमध्ये वेगळी रिपॉझिटरी करा. तिघांनी ती सबमोड्यूल म्हणून घ्या. ती ठरावीक कमिटला बांधलेली राहते, नवा बदल तुम्ही घ्याल तेव्हाच येतो. फाईलला हात लावायचा तर तिघांच्याही टेस्ट चालवून. पहिली टेस्ट हीच, २८ डिसेंबर ते ३ जानेवारी. तिन्ही स्क्रीनवर सहा दिसल्याशिवाय जर्नल घेऊन सहीला येऊ नका.