जिवाणू आणि अहिंसेची कक्षा

अहिंसेचे व्रत कोणत्या जीवापर्यंत पोहोचते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत जैन आचार्यांनी सर्वाधिक काटेकोरपणे हाताळला आहे. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हेच ज्यांचे शरीर, अशा एकेंद्रिय जीवांचा, म्हणजे केवळ स्पर्शज्ञान असलेल्या जीवांचा, त्यांनी हिंसेच्या विचारात समावेश केला. शिवाय एकाच शरीरात अनंत संख्येने राहणारे, एकत्र जन्मणारे व एकत्र मरणारे ‘निगोद’ नावाचे सूक्ष्म जीव मानले, आणि कंदमुळे वर्ज्य ठरवण्यामागेही हाच विचार आहे. निगोद म्हणजेच आजचे जिवाणू असे म्हणता येत नाही, कारण एक संकल्पना तत्त्वचिंतनातून आली आहे आणि दुसरी निरीक्षणातून. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांशी माणसाने कसे वागावे, हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच उभा राहतो.

जिवाणू हा एकपेशीय जीव असून त्याच्या पेशीत केंद्रक, म्हणजे आवरणात बंदिस्त असलेले आनुवंशिक द्रव्य, नसते. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू सुमारे 2 मायक्रोमीटर लांबीचा असतो, अनुकूल स्थितीत साधारण 20 मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो, आणि मज्जासंस्था नसतानाही पोषकद्रव्याची चाहूल लागताच आपल्या कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, फिरवत तिकडे सरकतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, तर त्याच्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटींच्या आसपास भरतात. माणसाला न पचणाऱ्या तंतूंपासून हे जिवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः त्यावर पोसल्या जातात. जीवांनी परस्परांवर उपकार करणे हे जीवांचे कार्यच होय, असे जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितले आहे, त्या विचाराचा प्रत्यय येथे शरीराच्या आतच येतो.

मात्र हिंसा मृत जीवांच्या संख्येने मोजली, तर अहिंसा अशक्यच ठरते, कारण पाणी उकळताना, हात धुताना आणि अन्न शिजवताना असंख्य जिवाणू मरतात. यावरून कोणी हे व्रतच निरर्थक ठरवतो, तर कोणी जिवाणूंना वेदना नाही असे म्हणून त्यांना विचारातून वगळतो. ‘तत्त्वार्थसूत्रा’तील हिंसेची व्याख्या या दोन्ही टोकांना मान्यता देत नाही, कारण तिच्यात केवळ प्राणहरण नव्हे, तर प्रमादाने, म्हणजे असावधपणे व क्रोध-लोभादी कषायांच्या आहारी जाऊन, केलेले प्राणहरण ही हिंसा ठरते. प्रश्न किती मेले हा नसून ते कोणत्या वृत्तीने मारले गेले हा आहे.

या कसोटीची खरी परीक्षा प्रतिजैविकांच्या वापरात होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये शोधलेले पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधली जाऊ देत नाही, त्यामुळे वाढणारी पेशी फुटते. न्यूमोनियाने अत्यवस्थ झालेल्या बालकाला ते देणे हे करुणेचे कृत्य होय, कारण तेथे गरज नेमकी आहे आणि हेतू शुद्ध आहे. परंतु साधी सर्दी विषाणूमुळे होते व विषाणूला पेशीभित्तिकाच नसते. अशा वेळी घाईने घेतलेली गोळी आजार बरा करत नाही, उपकारक जिवाणू मात्र मारते आणि प्रतिकारक्षम जिवाणूंना मोकळे रान देते. हे जिवाणू आपली प्रतिकारक जनुके प्लाझ्मिड नावाच्या लहान वर्तुळाकार डीएनएमधून इतर जिवाणूंना देऊ शकतात, आणि त्याची किंमत पुढे कोण्या अनोळखी रुग्णाला मोजावी लागते.

म्हणून जीवशास्त्राने अहिंसेचा विचार खोडून काढलेला नाही, उलट त्यातील सावधपणाची अट अधिक कठोर केली आहे. जो समाज या अदृश्य जीवांवर जगतो आणि वेळप्रसंगी त्यांना मारल्यावाचून ज्याचा निभाव लागत नाही, त्याने त्यांच्या स्वभावाचे ज्ञान मिळवणे आणि औषध गरजेपुरतेच वापरणे हे आरोग्याइतकेच धर्माचेही कर्तव्य मानले पाहिजे.